घरचं मैदान कशानं होतं?

२० जानेवारी २०२२ला नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर महिलांच्या आशियाई चषक फुटबॉल स्पर्धेत भारत आणि इराण समोरासमोर आले. कोरोनाची तिसरी लाट चालू होती, त्यामुळे स्टँड रिकामे होते. पंचावन्न हजार माणसं मावतात तिथं खेळाडूंच्या एकमेकींना मारलेल्या हाका तेवढ्या ऐकू येत होत्या. सामना ०-० असा सुटला. इराणचा संघ या स्पर्धेत पहिल्यांदाच खेळत होता. मी तो डोंबिवलीत घरी बसून मोबाइलवर पाहिला आणि भारताच्या हुकलेल्या संधींवर चिडून झोपले.

तीन दिवसांनी भारताचा दुसरा सामना चायनीज तैपेईशी होता. तोवर संघातल्या इतक्या जणींना लागण झाली की नियमाप्रमाणे लागणाऱ्या किमान तेरा खेळाडूही उभ्या करता येईनात. सामना झालाच नाही. भारतानं माघार घेतली असं धरण्यात आलं आणि त्या नियमाचा पुढचा भाग असा, की आधी झालेला इराणविरुद्धचा सामनाही रद्दबातल ठरला. गुणतक्त्यातून तो पुसला गेला. यजमान देशाच्या मुलींनी त्या स्पर्धेत खेळलेला एकुलता एक सामना कुणी पाहायला नव्हतं, आणि नंतर तो हिशेबातही राहिला नाही.

स्टेडियमवर लिहिताना आपण सहसा सिमेंट, खर्च आणि विक्रम यांच्यावर लिहितो. मला या स्टेडियमकडे एखादं पुस्तक वाचावं तसं पाहायचं आहे. त्यात कुणाची पानं आहेत, कुणाची नुसती तळटीप आहे, आणि कुणाचं पान फाडलेलं आहे? आणि एका कॉलेजच्या आवारात उभं असलेलं हे स्टेडियम मुलींच्या फुटबॉलचं घर झालं का?

ठाण्याहून ट्रान्स हार्बर

नवी मुंबई म्हटलं की आपल्याला वेगळंच शहर वाटतं, पण नेरुळ ठाणे जिल्ह्यातच येतं. डोंबिवली-कल्याणच्या मुलीला तिथं जायचं तर आधी ठाणं गाठायचं, पूल चढून ट्रान्स हार्बरच्या फलाटावर उतरायचं आणि ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, जुईनगर अशी स्टेशनं मोजत नेरुळला पोचायचं. ठाणे ते वाशी ही लाइन २००४मध्ये सुरू झाली. त्याआधी हाच प्रवास बसनं, नाहीतर कुर्ल्याला वळसा घालून व्हायचा. म्हणजे आमच्या पट्ट्यातल्या मुलींसाठी हे स्टेडियम जवळ आलं ते आधी रेल्वेमुळे.

स्टेडियम सायन-पनवेल महामार्गाला लागून, डी. वाय. पाटील विद्यापीठाच्या आवारात आहे. शेजारी मेडिकल कॉलेज आहे, हॉस्पिटल आहे, वर्गाला उशीर झालेली मुलं-मुली पळत असतात. वास्तुरचना हफीझ काँट्रॅक्टर यांची. २००८मध्ये ते सुरू झालं आणि त्याच वर्षी १ जूनला आयपीएलची पहिली फायनल इथं झाली. छपराला पुढच्या बाजूनं खांब नाहीत, त्यामुळे कुठल्याही खुर्चीवरून मैदान अडत नाही. आपल्याकडच्या बऱ्याच जुन्या मैदानांत खांबाआडून मान वाकडी करून मॅच पाहिलेल्या माणसाला याची किंमत कळते.

पण हे क्रिकेटचं स्टेडियम आहे. फुटबॉलसाठी त्याच गोल मैदानात एक आयत आखला जातो. फुटबॉलचं मैदान साधारण १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद असतं. गोलात आयत बसवला की बाजूला गवत उरतं आणि टचलाइन प्रेक्षकांपासून लांब जाते. विंगर रेषेवरून पळताना तिचा श्वास, तिचा बुटाचा आवाज, बचावपटूशी झालेली खांद्याची धडक, फुटबॉल पाहण्यातली अर्धी मजा या जवळिकीत असते. इथं ती मधल्या गवतात विरते. खेळाडू पाहुण्यासारख्या दुसऱ्याच्या दिवाणखान्यात बसल्यात, असं वाटत राहतं.

तारखा एकच, गोष्टी दोन

या स्टेडियमचा फुटबॉलचा इतिहास तसा लहान नाही. आयएसएलच्या २०१४ आणि २०१५ या पहिल्या दोन मोसमांत मुंबई सिटी एफसीचं हे घरचं मैदान होतं. २०१७च्या मुलांच्या सतरा वर्षांखालील विश्वचषकाचे सामने इथं झाले. स्पेन-माली ही सेमी फायनल त्यातलीच. मग आलं २०२२. जानेवारी-फेब्रुवारीत महिलांचा आशियाई चषक झाला. ६ फेब्रुवारीच्या फायनलमध्ये चीननं दोन गोलांची पिछाडी भरून काढत दक्षिण कोरियाला ३-२ असं हरवलं. ऑक्टोबरमध्ये मुलींचा सतरा वर्षांखालील विश्वचषक आला. भारतीय मुली आपले तिन्ही सामने भुवनेश्वरला खेळल्या आणि तिन्ही हरल्या. अमेरिकेविरुद्धचा स्कोअर ०-८ होता. फायनल मात्र नेरुळला झाली. ३० ऑक्टोबर २०२२ला स्पेननं कोलंबियाला १-० असं हरवलं, तेही ब्याऐंशीव्या मिनिटाला झालेल्या स्वयंगोलानं.

फिफाच्या महिला स्पर्धेची भारतात झालेली ही पहिली फायनल. आमच्या घरापासून लोकलनं जाता येईल इतक्या अंतरावर.

आता बरोबर तीन वर्षं पुढे या. ३० ऑक्टोबर २०२५, तेच स्टेडियम. महिला क्रिकेट विश्वचषकाची सेमी फायनल. ऑस्ट्रेलियाचं ३३९ धावांचं लक्ष्य भारतानं पार केलं, जेमिमा रॉड्रिग्ज १२७ धावांवर नाबाद राहिली. तीन दिवसांनी, २ नोव्हेंबरला, दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून भारतानं विश्वचषक जिंकला. त्या रात्री माझ्या फोनवर कॉलेजच्या जुन्या ग्रुपमध्ये इतके मेसेज आले की फोन गरम झाला. ज्या मावशी आम्हाला 'मुलींनी कशाला गुडघे फोडून घ्यायचे' म्हणायच्या, त्यांनीही स्टेटस ठेवलं होतं.

एकाच मैदानावर, एकाच तारखेला, तीन वर्षांच्या अंतरानं दोन मोठे सामने. एका खेळातल्या मुली आता तिथं घरच्या आहेत आणि दुसऱ्या खेळातल्या अजून पाहुण्या. असं का?

सोपं उत्तर आहे, 'भारतात क्रिकेटच चालतं.' पण महिला क्रिकेट तरी कुठं आधीपासून चालत होतं? मला वाटतं उत्तर तारखांमध्येच आहे. ११ डिसेंबर २०२२ला याच मैदानावर भारत-ऑस्ट्रेलिया महिलांचा टी-२० सामना टाय झाला आणि भारतानं तो सुपर ओव्हरमध्ये जिंकला. प्रवेश मोफत होता, चाळीस हजारांहून अधिक लोक आले, आणि खेळाडूंनी मैदानाला फेरी मारली. ४ मार्च २०२३ला डब्ल्यूपीएलचा पहिलावहिला सामना इथंच झाला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये इंग्लंडविरुद्धची कसोटी भारतानं इथं ३४७ धावांनी जिंकली. त्यानंतरही मालिका होत राहिल्या. म्हणजे २ नोव्हेंबर २०२५ची रात्र आकाशातून पडली नाही. तीन वर्षं लोकांना नेरुळ स्टेशनवर उतरून त्याच दिशेनं चालायची सवय लागत होती. आईवडिलांना आपली मुलगी रात्री कुठल्या गाडीनं परत येईल हे माहीत झालं होतं. मैदानाला प्रेक्षक ओळखीचे झाले होते.

फुटबॉलला एकाच वर्षात दोन प्रचंड स्पर्धा मिळाल्या. मांडव पडला, जेवणावळ उठली आणि मांडव सोडला. लग्नघर आणि राहतं घर यांत जो फरक असतो, तोच इथं आहे.

बंदी खेळावर नव्हती

ही गोष्ट आपल्यापुरती नाही. २६ डिसेंबर १९२०ला लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर डिक, कर लेडीज या कारखान्यातल्या मुलींच्या संघाचा सामना पाहायला सुमारे ५३,००० लोक आले होते. आजचं नेरुळचं स्टेडियम जवळपास भरेल इतकी ही गर्दी, शंभर वर्षांपूर्वीची. पुढच्याच वर्षी, ५ डिसेंबर १९२१ला, इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशननं ठराव केला. हा खेळ बायकांना योग्य नाही असं त्यात म्हटलं होतं, पण खरी मेख पुढं होती. संलग्न क्लबांनी आपली मैदानं महिलांच्या सामन्यांना देऊ नयेत, असं त्यांना सांगण्यात आलं.

खेळू नका असं कुणी म्हटलं नाही. फक्त खेळायची जागा काढून घेतली. बागेत खेळा, गावाबाहेर खेळा, पण तिकीटखिडकी, चेंजिंग रूम आणि स्टँड असलेल्या ठिकाणी नको. ही बंदी जवळपास पन्नास वर्षं टिकली. एका पिढीनं महिलांचा फुटबॉल पाहिलाच नाही, आणि पुढच्या पिढीला वाटलं की तो कधी नव्हताच.

भारतात असा ठराव करावा लागला नाही. इथं महिला फुटबॉलची वेगळी संघटना १९७५मध्ये निघाली. १९८०मध्ये कालिकतला झालेल्या आशियाई स्पर्धेत आणि पुन्हा १९८३मध्ये बँकॉकला भारतीय मुली उपविजेत्या ठरल्या. आशियातली दुसरी जागा, दोनदा. हे तुम्हाला शाळेत कुणी सांगितलं होतं? मला कॉलेज संपल्यावर कळलं.

याच्या उलट टोकाला अमेरिकेतलं एक विद्यापीठ पाहू. तिथं १९७२च्या 'टायटल नाइन' कायद्यानं सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना मुलगा-मुलगी असा भेदभाव करायला बंदी केली. त्यात खेळही आले. नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाच्या मुलींचा फुटबॉल संघ १९७९मध्ये विद्यापीठाचा अधिकृत संघ झाला आणि त्यानं वीसहून अधिक राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. मिया हॅम याच संघातली. १९३५च्या जुन्या फेट्झर फील्डच्या जागी २०१९मध्ये त्यांचं नवं मैदान उभं राहिलं. खुर्च्या साधारण चार हजार. नेरुळच्या तुलनेत एक कोपरा. पण वेळापत्रक आधी छापलेलं असतं, आणि कुठल्या संध्याकाळी मुलींची मॅच आहे हे गावाला माहीत असतं.

तिथंही एक गंमत आहे. मैदानाचं नाव 'डोरन्स फील्ड', संघाच्या माजी पुरुष प्रशिक्षकाच्या नावावरून. त्या माणसाचं काम मोठं आहे, यात वाद नाही. तरी इतकी विजेतेपदं जिंकणाऱ्या शेकडो मुलींपैकी एकीचंही नाव पाटीवर लागू नये, हे तिथलं अपुरं राहिलेलं वाक्य आहे.

भिंतीच्या या बाजूला

कॉलेजचं मैदान या विषयावर आपल्याकडे एक मोठा सिनेमा झाला, नागराज मंजुळेंचा 'झुंड' (२०२२). नागपूरच्या विजय बारसे यांच्या कामावर तो बेतला आहे. बारसे कॉलेजात खेळ शिकवायचे आणि त्यांनी झोपडपट्टीतल्या मुलांना फुटबॉलकडे वळवलं. सिनेमात कॉलेज आणि वस्ती यांच्यामध्ये एक भिंत आहे. अलीकडे हिरवळ, पलीकडे कचरा. वस्तीतली पोरं आणि कॉलेजची टीम यांचा सामना होतो तेव्हा गोल कुणी केला यापेक्षा कुणाला आत येऊ दिलं हा प्रश्न मोठा होतो. मैदानाला गेट असतं आणि गेटवर जात-वर्ग उभे असतात, हे इतकं स्पष्ट आपल्या क्रीडापटांनी क्वचितच म्हटलंय.

पण मुलींच्या बाबतीत 'झुंड' थोडा गडबडतो, असं मला दुसऱ्यांदा पाहताना वाटलं. रिंकू राजगुरूची मोनिका लक्षात राहते ती पासपोर्टसाठी लागणाऱ्या ओळखीच्या कागदासाठी बापाबरोबर दारोदार फिरताना. राज्याच्या लेखी तू अस्तित्वात आहेस का, हा त्या प्रसंगांचा प्रश्न आहे, आणि तो जळजळीत आहे. रझियाची गोष्ट तिच्या घरातून येते. दोघींचा संघर्ष खरा आहे, पण तो मैदानाबाहेर घडतो. मैदानावर त्या काय विचार करतात, कुठली पोझिशन आवडते, चेंडू आल्यावर आधी कुणाकडे बघतात, हे आपल्याला कळत नाही. डॉनच्या पायात चेंडू असतो तेव्हा कॅमेरा त्याच्या अंगात शिरतो. मुलींच्या वाट्याला कागदपत्रं येतात.

हा दोष एकट्या 'झुंड'चा नाही. मुलींच्या खेळाच्या आपल्या बहुतेक गोष्टी परवानगीच्या गोष्टी असतात. घरच्यांनी परवानगी दिली की मध्यंतर, असोसिएशननं दिली की क्लायमॅक्स. खेळ सुरू होतो तिथं गोष्ट संपत आलेली असते.

साडेसहा ते साडेसात

मी हे तक्रारीच्या सुरात लिहितेय, कारण माझी तक्रार आहे. कल्याण-डोंबिवली पट्ट्यातल्या एका कॉलेजात मी दोन वर्षं लेफ्ट बॅक खेळले. कॉलेजचं नाव सांगत नाही, कारण ते कुठलंही असू शकलं असतं. आमची प्रॅक्टिस सकाळी साडेसहा ते साडेसात. त्यानंतर मैदान क्रिकेटच्या नेटसाठी. डिसेंबर-जानेवारीत मैदान कार्यक्रमांना दिलेलं असायचं. मांडव उतरला की जमिनीत खांबांचे खड्डे राहायचे. आम्ही चपलेनं माती लोटून ते बुजवायचो, तरी आमच्या गोलकीपरचा घोटा एका खड्ड्यात मुरगळलाच. ती पुन्हा खेळली नाही. कपडे बदलायला मैदानाशेजारी जागा नव्हती. आम्ही घरूनच जर्सीवर कुर्ता घालून यायचो आणि घामेजलेल्या अंगानं आठच्या लेक्चरला बसायचो.

आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा बाद पद्धतीची होती. पहिल्या वर्षी पहिलाच सामना हरलो. चार महिने सकाळी उठलो आणि मोसम एका दुपारी संपला. त्या सामन्याला आमच्या बाजूनं तीन प्रेक्षक होते. सर, एकीचा भाऊ आणि पाण्याच्या बाटल्या सांभाळणारी एक मैत्रीण.

बाहेर मैदानं नाहीत असं नाही. डोंबिवलीत भागशाळा मैदान आहे, नेहरू मैदान आहे, घरडा सर्कलजवळचं क्रीडा संकुल आहे. कल्याणला सुभाष मैदान आणि फडके मैदान, ठाण्याला दादोजी कोंडदेव स्टेडियम. यातल्या कुठल्याही मोकळ्या मैदानावर रविवारी सकाळी जाऊन उभे राहा. टेनिस बॉल क्रिकेटच्या चार-पाच मॅच एकमेकींत घुसून चाललेल्या असतात, कडेनं आजोबा चालत असतात, कोपऱ्यात कुणी स्कूटर शिकत असतं. मुली दिसतात त्या बहुतेक कडेनं चालणाऱ्यांत. मैदानाच्या मधल्या भागावर बोर्ड नसतो, पण तो कुणाचा हे सगळ्यांना माहीत असतं.

म्हणून आता टर्फ. ठाणे ते कल्याण जिथं थोडी जागा मिळेल तिथं जाळी लावून हिरवं प्लॅस्टिक अंथरलंय. तासाचे पैसे, आठ-दहा जणींत वाटून यूपीआयवर. टर्फनं मुलींचं एक भलं केलं हे मान्य केलं पाहिजे. तिथं दिवे आहेत, दार आहे, स्लॉट आपल्या नावावर आहे, कुणी हुसकत नाही. पण तास संपला की पुढचा ग्रुप दारात उभा असतो. भाड्याच्या तासाला आठवण चिकटत नाही. कुठल्या टर्फच्या भिंतीवर तुम्ही २०१९च्या टीमचा फोटो पाहिलाय?

मोठ्या स्टेडियमची बाजू

कुणी म्हणेल, एवढ्या मोठ्या स्टेडियमकडून कॉलेजच्या मुलींची अपेक्षा करणं भाबडेपणा आहे. ते खाजगी संस्थेचं आहे, गवत राखायला खर्च येतो, दहा हजार दिवे लावून पन्नास जणांसाठी मॅच कुणी घेत नाही. हे खरं आहे. आणि हेही खरं की मोठ्या रात्रींचं मोल वेगळं असतं. ३० ऑक्टोबर २०२२ला त्या स्टँडमध्ये माझ्यासोबत आमची राइट विंगर होती. सामन्यानंतर ती बराच वेळ बोलली नाही. ठाण्याच्या गाडीत म्हणाली, "अगं, त्या माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान आहेत." त्यात हेवा होता आणि थोडा हिशेबही. आपल्याला कुणी सतराव्या वर्षी असं खेळायला दिलं असतं तर, असा. मोठं स्टेडियम हा हिशेब दाखवतं. तो सोडवायला मात्र लहान मैदान लागतं, रोजचं.

क्रिकेटनं नेरुळला दाखवून दिलंय की घर पायाभरणीनं होत नाही, परत परत येण्यानं होतं. मग फुटबॉलसाठी मागणं फार मोठं नाही. प्रत्येक कॉलेजनं मुलींच्या संघाला आठवड्यातल्या दोन संध्याकाळी लेखी द्याव्यात, मांडव पडला तरी त्या हलू नयेत. मैदानाजवळ कडी लागणारी एक खोली द्यावी. स्पर्धा बाद पद्धतीऐवजी साखळी पद्धतीनं घ्यावी, म्हणजे प्रत्येक संघाला काही सामने तरी आपल्या मैदानावर, आपल्या वर्गमैत्रिणींसमोर खेळता येतील. आणि वर्षातून एकदा, ठाणे जिल्ह्यातल्या कॉलेजांतल्या मुलींची फायनल नेरुळच्या त्या गोलातल्या आयतात व्हावी. प्रवेश मोफत, डिसेंबर २०२२सारखा.

तारीख निवडायचीच असेल तर २० जानेवारी निवडा. त्या दिवशी तिथं एक सामना झाला होता. ०-०. या वेळी जो काही स्कोअर होईल तो कुणीतरी फळ्यावर लिहावा, आणि पुसू नये.